दिवाळी तोंडावर, पैसे तोकडे, आधी कुणाचे द्यायचे?

प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. शिरोली एमआयडीसीत वडिलांनी उभी केलेली फाउंड्री (लोखंड ओतून सुटे भाग बनवायचा कारखाना), आता दोघं भाऊ बघतात. साधारण ६० माणसं, त्यातली २२ रोलवर आणि बाकीची काँट्रॅक्टरची. महिन्याला ४० लाखांच्या आसपास माल जातो, पण मोठा ग्राहक पैसे देतो १२० दिवसांनी. आता दिवाळी आलीय, बोनस द्यायचाय, जॉबवर्कवाले (आपला माल नेऊन त्यावर काम करून देणारे छोटे लोक) दारात बसलेत, बँकेचा हप्ता आहे, आणि नेमकं आत्ताच त्या ग्राहकाने ईएसजीची (पर्यावरण, समाज आणि कारभार कसा सांभाळता याची) ४० पानी प्रश्नावली पाठवलीय ज्यात "तुमचे सीएसआर उपक्रम लिहा" असा रकाना आहे. धाकटा भाऊ म्हणतो गावच्या शाळेला दोन कॉम्प्युटर देऊ, फोटो काढू, रकाना भरून टाकू. तुम्ही विचारताय की हे बरोबर आहे का, आणि पैसे सगळ्यांना पुरत नसतील तर आपण नक्की कुणाचं आधी देणं लागतो.

कॉम्प्युटरचा विषय दोन ओळीत संपवतो. सीएसआरचा कायदा, म्हणजे कंपनी कायद्याचं कलम १३५, तुम्हाला लागूच नाही. नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीतरी एक असेल तर नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करायची भानगड येते. रकान्यात सरळ "लागू नाही" लिहा. शाळेला कॉम्प्युटर द्यायचे तर पुढच्या जूनमध्ये द्या, हौसेने द्या, पण जॉबवर्कवाल्याचे पैसे थकवून देऊ नका कारण मग ते कॉम्प्युटर त्याने दिलेले असतात, तुम्ही नाही.

खरा प्रश्न दुसराच आहे. तुमच्याकडे दर आठवड्याला पेमेंट शीट निघत असेल, एक्सेलमध्ये असो नाहीतर डायरीत, त्यात कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली हे कोण ठरवतं? बहुतेक ठिकाणी मी बघितलंय की जो जास्त ओरडतो त्याला आधी मिळतात. बँक ओरडते, वाळूचा मोठा सप्लायर गाडी थांबवतो, वीज कंपनी कनेक्शन तोडते, म्हणून त्यांना आधी. ज्याला ओरडता येत नाही तो तळाला. माझ्या मते धंद्यातली नीतिमत्ता म्हणतात ती एवढ्याशा जागेत असते.

मी हे शहाणपणाने सांगत नाही, मी टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस आहे. ३० वर्षांतली पहिली १४ एका मोठ्या ऑटो कंपोनंट कंपनीच्या परचेसमध्ये काढली, नंतर अकाउंट्स, आता छोट्या युनिट्सची कामं बघतो. परचेसमध्ये असताना आम्ही काय करायचो, तर माल गेटवर यायचा, गेट एन्ट्री व्हायची, पण जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) काढायचा नाही. दहा-बारा दिवस "इन्स्पेक्शन पेंडिंग". माल तेवढ्यात लाइनवर लागून गाडीत बसून गेलेलासुद्धा असायचा. क्रेडिट पिरियड जीआरएनपासून मोजायचा म्हणजे ६० दिवसांचे आपोआप ७२ व्हायचे आणि साहेब खूश. वर तीन महिन्यांनी रिजेक्शनची डेबिट नोट, म्हणजे माल नापास म्हणून बिलातून कपात. एक मशीनिंगवाला होता, तीन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन, प्लॅस्टिकच्या पिशवीत बिलांची फाइल घेऊन बाकड्यावर बसायचा. एकदा तो म्हणाला, साहेब पैसे आज नका देऊ, तारीख द्या, तुम्ही तारीख दिली की मी पुढच्याला तारीख देतो. मी म्हटलं बघतो. तारीख मला माहीत होती, शीट माझ्याच ड्रॉवरमध्ये होती, पण तारीख सांगितली की ती पाळावी लागते म्हणून आम्ही कुणालाच सांगायचो नाही. हे अजून आठवतं.

असो. आता क्रम. हा माझा क्रम आहे, कायद्याचं पुस्तक नाही, आणि तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे की भागीदारी यावर काही गोष्टी बदलतात (भागीदारीत तुमची घरंदारंही अडकलेली असतात).

सगळ्यात आधी जो पैसा तुमचा नाहीच तो बाजूला काढा. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ, ईएसआयचा त्याचा हिस्सा, कापलेला टीडीएस, ग्राहकाकडून घेतलेला जीएसटी. हे तुमच्या खात्यात दिसतात म्हणून तुमचे वाटतात. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो आणि लोक काय करतात की पगार झाला, पीएफ कापून स्लिपवर दाखवला, आणि ते पैसे "जरा फिरवले". कापलेला पीएफ न भरणं हा फौजदारी विश्वासघात धरला जातो, जुन्या दंडसंहितेत तसं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि नवीन न्याय संहितेतही आहे. जीएसटीत मात्र एक गोची आहे, ग्राहक १२० दिवसांनी देणार आणि तुम्हाला टॅक्स पुढच्याच महिन्यात भरायचा, म्हणजे न आलेल्या पैशावर टॅक्स. तिथे तुमची तक्रार रास्त आहे, पण उपाय ग्राहकाच्या बाजूला आहे, त्यावर खाली येतो.

मग पगार आणि बोनस. इथे तुम्ही लिहिलंय "आमच्या २२ लोकांचा बोनस नक्की देणार". आणि उरलेल्या ३८ जणांचं काय? ते काँट्रॅक्टर बघेल, असं सगळेच म्हणतात. काँट्रॅक्टरने पगार थकवला तर मूळ मालकाने द्यायचा हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही होतं आणि आताच्या लेबर कोडमध्येही आहे, म्हणजे कागदावर हात झटकता येत नाहीत. पण कायदा सोडा, फेटलिंगला (ओतलेला भाग घासून साफ करायच्या कामाला) ग्राइंडर धरून उभा असलेला माणूस तुमचंच कास्टिंग घासतोय ना? बोनस किमान ८.३३ टक्के आहे आणि तो हिशोबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा असतो. त्यामुळे पैसे अगदीच नसतील तर थोडे दिवाळीआधी आणि उरलेले नोव्हेंबर संपायच्या आत असं करता येतं, फक्त हे आदल्या दिवशी नोटीस बोर्डावर लावून नाही, आधी पंधरा दिवस माणसांत उभं राहून सांगायचं. काँट्रॅक्टरला तुम्ही देता त्या रेटमध्ये बोनस आणि पीएफ धरलेला आहे की नाही हे एकदा कागदावर मांडून बघा. बऱ्याचदा रेटच इतका दाबलेला असतो की त्यात कायद्याने द्यायचं ते बसतच नाही, आणि मग आपण म्हणतो काँट्रॅक्टर चोर आहे.

आता सप्लायर, आणि इथे मला जरा थांबायचंय कारण तुमची चूक इथे होतेय असं वाटतं. तुम्ही लिहिलंय "आम्हालाच उशिरा मिळतात म्हणून आम्हीही उशिरा देतो, साखळीच आहे". साखळी आहे हे खरं, पण साखळीत पैसा प्रत्येकाला सारख्या भावाने पडत नाही. समजा तुमचा जॉबवर्कवाला महिन्याला ३ लाखांचं काम करतो आणि तुम्ही ४५ ऐवजी ९० दिवसांनी देता. त्याचे साडेचार लाख जादा अडकले. तुमचं कॅश क्रेडिट (सीसी, म्हणजे धंद्यासाठी बँकेने दिलेली फिरती उधारी) ११ टक्क्यांनी असेल तर तेवढी रक्कम तुम्ही वापरली असती तर महिन्याला ४,१०० रुपयांच्या आसपास व्याज पडलं असतं. त्याला बँक उभी करत नाही, तो बाहेरून शेकडा दोनने उचलतो, म्हणजे महिन्याला ९,०००. तुमचे चार वाचवायला त्याचे नऊ गेले. वर तो ते नऊ कुठूनतरी काढणारच, रेट वाढवून नाहीतर टूल टिप घासून घासून वापरून, आणि मग तुम्ही रिजेक्शन का वाढलं म्हणून मीटिंग घेणार.

म्हणून मी सांगतो की ज्याला पैसा सगळ्यात महाग पडतो त्याला आधी. मोठ्या पिग आयर्नवाल्याला (कच्चं लोखंड देणाऱ्याला) पंधरा दिवस थांबवलं तर त्याला फरक पडत नाही, तो वाटल्यास व्याज लावेल. पॅटर्नवाला (साच्यासाठी नमुना करणारा), कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) करून देणाऱ्या बायका, टेम्पोवाला, हे आधी.

यात कायदाही त्यांच्या बाजूने आहे. २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा) कायदा म्हणतो की लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर जायचं नाही आणि करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ, आणि ते व्याज इन्कम टॅक्समध्ये खर्च म्हणून चालत नाही. आमची ती जीआरएनची युक्ती, तीही कायद्यापुढे टिकत नाही, कारण माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचला तो दिवसच स्वीकारल्याचा दिवस. शिवाय २०२३ च्या फायनान्स ॲक्टने जी ४३बी (एच) ची तरतूद आणली ती तुमच्या सीएने सांगितलीच असेल, मायक्रो आणि स्मॉल सप्लायरचं मुदत उलटलेलं देणं ३१ मार्चला थकलेलं असेल तर तो खर्च त्या वर्षी टॅक्सच्या हिशोबात धरता येत नाही, पैसे द्याल त्या वर्षी धरता येतो. सप्लायरची उद्यम नोंदणी (एमएसएमई म्हणून सरकारी नोंदणी) आहे का ते विचारा. आणि प्लीज, नोंदणी आहे म्हणून त्याला काढून बिगरनोंदणीवाला शोधू नका, ही ४३बी आल्यावर मी खरंच लोकांना असं करताना बघितलंय, कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

एक गोष्ट फार कमी मालकांना माहीत असते. उद्या कंपनी खरंच बुडाली आणि दिवाळखोरी कायद्याखाली लिक्विडेशनला गेली तर पैसे वाटायचा क्रम ठरलेला आहे. पीएफचे पैसे त्या वाटपाच्या बाहेरच राहतात. प्रक्रियेचा खर्च सुटला की कामगारांचं २४ महिन्यांचं देणं आणि तारण असलेली बँक एका पातळीवर. मग बाकी कर्मचारी, मग विनातारण कर्जं, मग सरकारी देणी, आणि तुमचा जॉबवर्कवाला त्याच्याही खाली. तिथपर्यंत सहसा काही उरत नाही. म्हणजे ज्याच्याकडे तारण नाही, ज्याला बुडाल्यावर काही मिळणार नाही, त्यालाच आपण चालू धंद्यात सगळ्यात शेवटी ठेवतो. हे उलटं करायची संधी फक्त धंदा चालू असताना असते.

बँकेचं मी मुद्दाम नंतर घेतलं. हप्ता चुकवा असं म्हणत नाहीये, ९० दिवस उलटले की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं आणि मग सगळंच आवळतं. पण बँकेशी बोलता येतं, लिमिट थोड्या दिवसांसाठी वाढवून मागता येते, आणि ती बोलणी हप्ता चुकायच्या आधी केली तर मॅनेजर ऐकतो, चुकल्यावर केली तर तो फक्त फॉर्म पुढे करतो. आणि सगळ्यांच्या शेवटी तुम्ही दोघं भाऊ. तुम्ही लिहिलं नाहीत पण विचारतो, दोघांचे घरखर्चाचे पैसे महिन्याच्या एक तारखेलाच निघतात का?

थोडक्यात क्रम असा झाला: परका पैसा, मग पगार-बोनस काँट्रॅक्टरच्या माणसांसकट, मग छोटे सप्लायर, मग बँक आणि मोठे सप्लायर बोलून, मग मालक. हे तात्पुरत्या तंगीसाठी. पण ऑर्डरच गेलीय आणि पुढच्या सहा महिन्यांत पैसे येण्याची चिन्हंच नाहीत, असं असेल तर विषय वेगळा, तेव्हा नवीन माल उधारीवर उचलत राहणं हीच मोठी फसवणूक होते. तसं असेल तर स्पष्ट लिहा, उत्तर बदलेल.

ग्राहकाच्या १२० दिवसांबद्दल. तुम्ही स्वतः मायक्रो किंवा स्मॉल एंटरप्राइझमध्ये बसता, म्हणजे ४५ दिवसांचा तोच कायदा तुम्हालाही लागू. १२० आणि ४५ मधला फरक तुमच्या आकड्यावर १ कोटी होतो, ११ टक्क्यांनी वर्षाला ११ लाख. म्हणजे तुम्ही दरवर्षी त्या लिस्टेड कंपनीला ११ लाखांची मदत करताय, आणि ती तुम्हाला सीएसआर विचारतेय! एमएसएमईच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, फॅसिलिटेशन कौन्सिल आहे, पण खरं सांगायचं तर तक्रार केली की पुढच्या महिन्याचं शेड्यूल शून्य होण्याची भीती असते, आणि ती भीती खोटी नाही. मी दुसरा रस्ता सुचवतो. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स प्लॅटफॉर्मवर नोंदणी करणं बंधनकारक आहे. तिथे तुमचं बिल चढवायचं, ग्राहकाने मान्य करायचं, आणि बँका त्याच्यावर बोली लावतात. पैसे दोन-चार दिवसांत मिळतात, दर ग्राहकाच्या पतीवर ठरतो म्हणून तुमच्या सीसीपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतो, आणि ग्राहकाने नंतर पैसे बुडवले तर बँक तुमच्या मागे लागत नाही. अडचण एकच, ग्राहकाने "मान्य" हे बटण दाबावं लागतं.

ते दाबायला लावण्यासाठी ती प्रश्नावलीच वापरा. पहिल्या १,००० लिस्टेड कंपन्यांना सेबीला बीआरएसआर नावाचा रिपोर्ट द्यावा लागतो आणि त्यात सप्लायरचे पैसे सरासरी किती दिवसांनी देतो हा आकडाही भरायचा असतो. तुम्हाला ४० पानं आली ती त्याच्यातूनच झिरपून. तर भरून पाठवताना सोबत एक साधं पत्र जोडा की आमच्या कामगारांचं आणि छोट्या सप्लायरचं वेळेवर देणं हे तुमच्या पेमेंटवर अवलंबून आहे, आमची बिलं ट्रेड्सवर मान्य करावीत ही विनंती. कॉपी त्यांच्या परचेसला नाही, ईएसजी बघणाऱ्याला आणि सीएफओला. परचेसवाला हे पत्र ड्रॉवरमध्ये टाकतो, मी टाकलेली आहेत.

आता ज्याला रांगेतच उभं करायचं नाही अशी गोष्ट. तुम्ही एका ओळीत लिहिलंय की "डस्ट कलेक्टरचं काम सध्या पुढे ढकललंय". राव, हे पुढे ढकलू नका. फेटलिंगमध्ये दुपारी उन्हाची तिरीप आत येते तेव्हा उभं राहून बघा, त्या तिरीपीत जी धूळ चमकते ती तरी जाड असते, नाकात अडकते, थुंकीतून निघते. जी फुफ्फुसात जाते ती दिसतच नाही. वाळूतला सिलिका. माणसं तोंडाला रुमाल बांधतात, त्याने मनाला बरं वाटतं एवढंच. सिलिकोसिस बरा होत नाही, आणि तो आज दिसत नाही, काही वर्षांनी दिसतो, तोपर्यंत तो पोरगा बिहारला नाहीतर ओडिशाला गावी परत गेलेला असतो. तुमच्या रजिस्टरला त्याचं नाव नाही, काँट्रॅक्टर बदललेला, कोण कुणाला विचारणार? म्हणूनच ही गोष्ट "पैसे आले की करू" मध्ये ढकलणं सगळ्यात सोपं जातं. हा कायद्याने सरकारला कळवायलाच लागतो असा आजार आहे. कलेक्टरला आत्ता पैसे नाहीत तर निदान या आठवड्यात हे करा: चांगले एन-९५ मास्क, रोजचे रोज नवीन, सुपरवायझरलासुद्धा, झाडू मारायच्या आधी पाणी शिंपडा, एअर गनने अंगावरची धूळ उडवणं बंद, आणि फेटलिंगवाल्या सगळ्यांचा छातीचा एक्स-रे, काँट्रॅक्टरच्या माणसांचा आधी. याचा खर्च शाळेच्या दोन कॉम्प्युटरइतकाच येईल कदाचित.

वापरलेल्या वाळूचंही तसंच. ग्रीन सँड (माती-पाण्याने बांधलेली वाळू) असेल तर एक गोष्ट, रेझिनची असेल तर त्यात फिनॉल वगैरे असतं, ती विहिरीच्या पाण्यात जाऊ शकते. डंपरवाला "मी बघतो कुठे टाकायची" म्हणतो तेव्हा तो कुठे टाकतो हे एकदा त्याच्या मागे गाडी घालून बघा. प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रावर नाव तुमचं आहे, डंपरवाल्याचं नाही.

प्रश्नावली भरताना एवढंच सांभाळा की शून्य लिहू नका जिथे शून्य नाही. एका युनिटमध्ये मी असताना "अपघात शून्य" लिहून पाठवलं होतं. ऑडिटला आलेली मुलगी जेमतेम तिशीची, तिने आमचं एकही रजिस्टर उघडलं नाही, सरळ कँटीनमध्ये जाऊन चहा घेतला आणि बोटाला पट्टी बांधलेल्या माणसाला विचारलं दादा काय झालं. संपलं. त्यापेक्षा "दोन अपघात, कारण हे, त्यानंतर गार्ड बसवला" लिहिलेलं कागदावर वाईट दिसतं पण पुढच्या पानांवर विश्वास बसतो.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर भावाला कंपनी कायद्याचं कलम १६६ (२) वाचायला द्या. डायरेक्टरने कंपनी, कर्मचारी, भागधारक, समाज आणि पर्यावरण यांच्या हिताने वागायचं असं त्यात लिहिलंय, आणि १३५ सारखी ५ कोटी, १,००० कोटी अशी कुठलीही मर्यादा त्याला नाही. हे शिरोलीतल्या दोन भावांनाही लागू आहे.

दोन गोष्टी सांगा म्हणजे पुढचं बोलता येईल. ते १२० दिवस बिलाच्या तारखेपासून मोजतात की जीआरएनपासून? आणि काँट्रॅक्टरला तुम्ही माणशी रेट देता की टनावर? टनावर देत असाल तर फेटलिंगचा हिशोब पुन्हा मांडावा लागेल, कारण टनावर काम करणारा माणूस मास्क काढून काम करतो, मास्क लावला की टन कमी निघतात.